पाय गरम आहेत ना?

तुमचा फोन आला की आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. शाळेचा नाही, मार्कांचा नाही. "पाय गरम आहेत ना?" तुम्ही दोघं तिकडे हसता. धाकटा तर मुद्दाम सांगतो, "नाही आजोबा, पार बर्फ झालाय!" मग आजोबांचा चेहरा संध्याकाळपर्यंत उतरलेला असतो, हे त्याला माहीत नाही. हा प्रश्न आला कुठून, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तुमच्या आईला सांगताना रडू येतं आणि आजोबा सांगणं शक्यच नाही. तेव्हा मीच लिहून ठेवते.

मोठे, ही तुझ्या जन्माची गोष्ट आहे. धाकट्यालाही वाचून दाखव.

तुझी आई पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे, इंदिरानगरच्या घरी आली होती. तुझे बाबा तेव्हा परदेशात नोकरीवर होते. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. जुन्या सुती साड्यांची दुपटी धुऊन, इस्त्री करून कपाटात रचली होती. झबली एका पिशवीत, टोपडी दुसरीत. बाळाच्या संगोपनावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून त्यात पेन्सिलीने खुणासुद्धा केल्या होत्या. फक्त तू माझ्या वेळापत्रकात बसली नाहीस. दिवस भरायला बराच अवकाश असताना तुझ्या आईचं ब्लडप्रेशर एकाएकी वाढलं आणि ऑपरेशन करून तुला बाहेर काढावं लागलं. नाशिकची थंडी नुकती सुरू झाली होती.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीच्या काचेतून, आणि तूही आत काचेच्या पेटीत. म्हणजे आपल्या दोघींत दोन काचा. तुझे पाय माझ्या अंगठ्याएवढे होते. मी शिवलेलं सगळ्यात लहान टोपडं सिस्टरने तुला घातलं, तर ते थेट हनुवटीपर्यंत आलं.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. श्वास चांगला चालला होता, नळीने दिलेलं दूधही पचत होतं. पण पेटीबाहेर काढलं की तुझं अंग गार पडायचं. "जे थोडं दूध पोटात जातंय, ते सगळं अंग गरम ठेवण्यातच खर्च होतंय," त्या म्हणाल्या. "वजन असंच उतरत राहिलं तर अवघड आहे. हिला माणसाच्या अंगाची ऊब हवी. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून. कांगारू पिल्लू ठेवते ना, तसं. आईला जमत नसेल तर घरातलं कोणीही चालेल."

आईला जमण्यासारखं नव्हतं. तिचे टाके चिघळले होते, ताप हटत नव्हता. मला नेमका खोकला झालेला, त्यामुळे सिस्टरने मला दारातच अडवलं होतं. तुझ्या बाबांची रजा अजून मंजूर व्हायची होती. उरले आजोबा.

"मी?" आजोबा म्हणाले.

"तुम्ही."

"हे बायकांचं काम आहे हो."

"थर्मामीटरला ते कळत नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

आजोबा का अडखळले, ते तुम्हाला आज समजणं कठीण आहे. तुमची आई झाली तेव्हा आम्ही सातपूरला दोन खोल्यांत राहत होतो. सासू-सासरे, दीर, जाऊ, सगळे एकत्र. आजोबा तिथल्याच कारखान्यात पाळीवर जायचे. त्या काळी आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर पुरुषाने स्वतःचं मूल घ्यायचं नाही, अशी रीत होती. भावाचं घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं, आपलं नाही. कोणी तसं शिकवत नसे, पण सगळ्यांना माहीत असे. आजोबा पुतण्याला खांद्यावर बसवून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायचे आणि तुमची आई माझा पदर धरून बघत राहायची. तिच्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचे, पुस्तकांना कव्हरं घालायचे, सायकलला तेल द्यायचे. ती तापाने फणफणली की मात्र दारात उभे राहून मलाच विचारायचे, "ताप किती?" पुढे आम्ही इंदिरानगरला वेगळं घर केलं, पण तोवर ती मोठी झाली होती. कडेवर घ्यायचं वय निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा अंघोळ करून, दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात हजर झाले. तिथली सिस्टर निफाडकडची, तोंडाने फटकळ. तिने जवळ येऊन वास घेतला.

"आजोबा, कुठल्या लग्नाला निघाले? पावडर थापलीय का काय? बाळाच्या नाकात जायची ती. जा, धुऊन या."

आजोबा मुकाट्याने धुऊन आले. सिस्टरने तुला पेटीतून काढलं, त्यांच्या शर्टाच्या आत ठेवलं, वरून शाल गुंडाळली. आजोबा खुर्चीत ताठ बसले, जणू कोणी त्यांचा फोटो काढतंय. थोड्या वेळाने सिस्टरने शालीत हात घालून तुझा तळवा चाचपला.

"गारच हाय."

अजून थोडा वेळ गेला. पुन्हा गारच. मी काचेला नाक लावून उभी, दार किलकिलं होतं म्हणून आतलं बोलणं ऐकू येत होतं. आता पुन्हा पेटी, पुन्हा उतरतं वजन. सिस्टरने कपाळाला आठ्या घालून शाल बाजूला केली आणि कमरेवर हात ठेवले.

"बनियन काढलं नाय?"

आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले, "इथे सगळ्या बायका आहेत."

"बायका कामात हायेत, आजोबा. तुम्हाला बघायला कोणाला येळ हाय इथं?"

मला हसू फुटलं, हसण्यातून खोकला आला. काचेपलीकडून आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडाला लावला. पण बनियन निघालं. या वेळी तू त्यांच्या छातीला टेकलीस आणि त्यांनी तळहात तुझ्या पाठीवर ठेवला. तुझी सगळी पाठ त्या एका तळहाताखाली झाकली गेली. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. श्वास संथ झाला. बऱ्याच वेळाने सिस्टरने पुन्हा तळवा चाचपला, आजोबांचा अंगठा धरला आणि तुझ्या पायाला लावला.

"काय वाटतंय?"

"गरम आहे," आजोबा म्हणाले.

त्या दिवसापासून ते रोज डबा घेऊन निघायचे आणि दारात मला सांगायचे, "चल, पाळीवर जातो." निवृत्त होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, तो शब्द पुन्हा तोंडात आल्याचा त्यांना आनंद होता. मला आत जायची बंदी, म्हणून मी घरी बसून त्यांच्या नव्या लोकरी मोज्याचा वरचा भाग कापला, एका बाजूने शिवला आणि तुझं टोपडं केलं. ते अगदी मापात बसलं.

"एक मोजा कापलास. आता दुसऱ्याचं मी काय करू?"

"पहिलं धुवायला टाकलं की दुसरं लागेल."

भेटीच्या वेळी गेले की काचेतून मला त्यांचे ओठ हलताना दिसायचे. काय बोलता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "कुठे काय?" शेवटी सिस्टरनेच सांगितलं. "आजोबा तिला स्कूटरची सगळी माहिती देतेत. प्लग कधी साफ करायचा, ऑइल कधी बदलायचं. पोरगी ऐकता ऐकता झोपती." वजन आधी थांबलं, मग अगदी सावकाश चढायला लागलं.

तुझ्या आईचा ताप उतरला, तेव्हा सिस्टर तिला धरून हळूहळू त्या खोलीत घेऊन आली. तू तिच्याकडे जायची वेळ झाली होती. दार उघडं राहिल्यामुळे मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. उघड्या छातीचे आजोबा, शालीतून डोकावणारं मोज्याचं टोपडं, ती कितीतरी वेळ बघतच राहिली. ती आजोबांना अण्णा म्हणते, हे तुम्हाला माहीत आहे.

"अण्णा, मला कधी असं घेतलं होतं तुम्ही?"

आजोबा गडबडले. "तुला? तू भरल्या दिवसांची होतीस. तुला गरज नव्हती."

"होती, अण्णा."

सिस्टर तोंडाने फटकळ असली तरी शहाणी. ती काहीतरी आणायला म्हणून निघून गेली. आजोबांनी तुझ्याभोवतीची शाल सारखी केली. मग म्हणाले, "हात बघू तुझे." आईने हात पुढे केले. "केवढे गार आहेत! असे हात लावणार आहेस होय तिला?" एका हाताने तुला सांभाळत त्यांनी दुसऱ्या हाताने तिचे दोन्ही हात धरले आणि शालीच्या आत ओढून स्वतःच्या छातीवर, तुझ्या शेजारी दाबून धरले. आई खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली. टाके दुखत असणार, पण उठली नाही. सिस्टर एकदा डोकावली आणि परत फिरली.

नंतर तू आईच्या छातीवर गेलीस. आजोबांनी बनियन घातलं, शर्टाची बटणं नेहमीसारखी गळ्यापर्यंत लावली आणि दारातून वळून एवढंच म्हणाले, "पाय बघत राहा."

तेव्हा पुढच्या वेळी त्यांनी विचारलं की हसा खुशाल, पण आधी पाय चाचपा, मग उत्तर द्या. आणि फोन आईलाही द्या. त्यांना तिलाही विचारायचं असतं, तुमचं निमित्त करून विचारतात.