धोंडुबाईंनी रक्ताला दिलेली ऊब

हमरापूरच्या धोंडुबाईंचं थंडीशी जन्माचं वैर. भर मे महिन्यातही त्या कोमट पाणी पीत आणि घरादाराला पाजत. पावसाळ्यात कारखान्यातल्या गणपतीच्या ओल्या मूर्ती शेगडीजवळ मांडून सुकवायचा मान त्यांचाच. गार ते बाधतं, ऊब म्हणजे माया, एवढं साधं त्यांचं शास्त्र, आणि त्यात कुणाला तोंड घालायची सोय नव्हती.

त्यांची सून निशिगंधा माहेरी, रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात, बाळंत झाली. रक्त फार गेलं, म्हणून तिला रोह्याच्या दवाखान्यात हलवलं. तिच्या गटाचं रक्त रोह्यात मिळेना, पेणला मिळालं. मुलगा भरत मोटरसायकलवर पुढे, धोंडुबाई मागे, मांडीवर बर्फाचा खोका, त्यात रक्ताची पिशवी. "थंडच ठेवा," असं पेणला बजावलं होतं. पण ओल्या बाळंतिणीच्या अंगात बर्फासारखं रक्त घालायचं? शिकलेल्यांना एवढंही कळू नये, याची धोंडुबाईंना कीव आली. त्यांनी गुपचूप पिशवी काढून पदराखाली पोटाशी धरली. नागोठण्याला चाक पंक्चर झालं, दुपार तिथेच गेली, आणि पिशवी छान ऊबदार झाली. रोहा जवळ येताच त्यांनी ती परत बर्फात ठेवली. उगाच वाद नको.

रक्त चढायला लागलं आणि निशिगंधाला हुडहुडी भरली. "गारठ्याचं रक्त, दुसरं काय," धोंडुबाई पुटपुटल्या. ताप भडकून तिची शुद्ध हरपली तसं डॉक्टरांनी रक्त बंद केलं आणि विचारलं, "पिशवी बर्फाबाहेर काढली होती का?"

"नाय," भरत म्हणाला. "दिली तशीच आणली."

दुपारभर केलेली माया पोरानं एका शब्दात पुसून टाकली. धोंडुबाईंना राहवेना. "नाय कशी? मी काढली. पोटाशी धरून आणली. तुमच्यानं झालं नसतं ते."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मावशी, पिशवीत कधीतरी एखादा जंतू शिरलेला असतो. थंडीत तो पडून राहतो, उबेत वाढतो. आता तो हिच्या रक्तात गेलाय." आणि त्यांनी लगेच जंतूंवरची औषधं सुरू केली.

निशिगंधा शुद्धीवर येईपर्यंत धोंडुबाईंनी नातवाला घेतलं नाही. आपल्याच हातांची त्यांना भीती वाटत होती.

आता निशिगंधा भेटायला येणाऱ्या बायांना सांगते, "आईंनी खरं सांगितलं म्हणून मी वाचले गो. दुसरी असती तर लपवलं असतं." बाया धोंडुबाईंच्या खरेपणाचं कौतुक करतात. जन्मभर कौतुकाला कधी नको न म्हणालेल्या धोंडुबाई तेवढ्यात उठून बाहेर जातात. आपण तेव्हा नुसती फुशारकी मारली होती, हे त्यांनी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.