सोमाजीच्या गोठ्यातली पाहुणी

गोंडपिपरीकडून जंगलात शिरणाऱ्या वाटेवर बोरटोला हा पाडा लागतो. तिथला सोमाजी बकऱ्या राखतो, आणि बकऱ्यांपेक्षाही जिवापाड पाहुणे राखतो. त्याच्या घरी पाहुण्याने पाण्याचा गडवा स्वतः उचलला, तर सोमाजीला दिवसभर घास गोड लागत नाही. एकदा साळ्याच्या चपला शोधायलाही तो स्वतःच धावला. त्याने आणून दिल्या त्या दुसऱ्याच्याच चपला भिडेपोटी घालून साळा वरोऱ्याला गेला.

अशा माणसाच्या दारात इंगा उतरली. ती डेन्मार्कची. देशोदेशी हिंडायचं, लहानशा घरच्या गोठ्यात राबायचं, आणि घरच्यांनी त्या बदल्यात जेवण अन् झोपायला जागा द्यायची, अशी तिची रीत. सोमाजीची नात खुशबू कॉलेजात शिकते. तिनेच बकऱ्यांचे फोटो मोबाईलवरून कुठेतरी पाठवले होते. ते पाहूनच इंगा आली; फोटो नुसते कौतुकासाठी गेले, असं सोमाजी समजत होता.

रीत ऐकून तो गारच पडला. जेवू घातलेलं पाहुणीकडून वसूल करायचं? सोमाजीने पाहुणीला लेंड्या उचलायला लावलं, असं टोल्यात कुणी म्हटलं, तर तोंड कुठे लपवायचं?

मग त्याने शक्कल लढवली. इंगा उठायच्या आत गोठा झाडून लख्ख, पाणी भरलेलं, पाला टांगलेला. ती खराटा घेऊन आली की तिला अंगणासारखी जमीन दिसायची, आणि मागून त्याची बायको गिरजाबाई गरम वड्यांची ताटली घेऊन यायची. चारायला येते म्हटलं, तर सोमाजी तिला चहाला बसवून बकऱ्यांसकट मागच्या वाटेने पसार. बिचारी वडे खात बाजेवर बसे. बाजेची दोरी तेवढी सैल होत गेली.

एका संध्याकाळी तिने पिशवी भरायला घेतली. खुशबूने सांगितलं, तिला वाटते आपण इथं नुसता भार झालो. ती उद्या जाते म्हणते.

सोमाजी हिशेब करू लागला. पाहुणी अर्ध्यातून उठून गेली, तर शेजारचा पत्रू म्हणणार, सोमाजीने पोटभर वाढलं नाही. राबवलं तर अब्रू जाते, नाही राबवलं तरी जाते. शेवटी त्याने ठरवलं, तिला काम द्यायचं.

पण हाताची सवय वाईट. सकाळी त्याला भान आलं तेव्हा गोठा झाडून झाला होता. मग त्याने उकिरड्यावरून टोपलंभर लेंड्या परत आणल्या आणि धान फेकून पेरावं तशा गोठ्यात पेरू लागला.

कुंपणापलीकडे पत्रू दात घासत थांबला.

"भाऊ, हे का करून राह्यले?"

"बकऱ्या कमी पडल्या," सोमाजी म्हणाला.

तेवढ्यात इंगा आली. लेंड्या पाहून तिचा चेहरा सणासारखा फुलला. गुणगुणत तिने गोठा झाडला आणि भरलं टोपलं डोक्यावर घेऊन थेट रस्त्याने निघाली. पत्रूने हाळी देऊन शेजार गोळा केला होताच.

"का हो भाऊ, पाहुणीले कामाले लावलं?" पत्रू म्हणाला.

सोमाजीला खाली झाडलेल्या जमिनीखेरीज बघायला काही उरलं नाही. तेव्हा गिरजाबाई घरातून लुगडं घेऊन आली. तिने ते इंगाच्या खांद्यावर घातलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि पत्रूकडे वळली.

"पाहुणी असन तुमच्यासाठी, पत्रूभाऊ. इथी ते माही लेक हाय. मायेरी आलेली लेक झाडत नाई का?"

लेक म्हटल्यावर पत्रू परत दात घासायला वळला. इंगाने पिशवी रिकामी केली आणि पुढे मनसोक्त राबली.

पण या घरची लेक रिकाम्या हाताने जात नाही. तिला बकरी द्यावी लागते. इंगा निघाली तेव्हा सोमाजी एक तांबूस पिल्लू काखेत घेऊन एसटीपाशी उभा राहिला. विमानात बकरी घेत नाहीत, हे खुशबूने समजावलं. विमानाच्या टपावर तरी जागा असन, असं त्याचं म्हणणं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. शेवटी इंगाने पिल्लाला मिठी मारली आणि ते सांभाळायला सोमाजीकडेच ठेवलं.

आता ती बकरी लेकीची, म्हणजे सोमाजीच्या घरी पाहुणी. तिला दावं नाही. कोवळा पाला आधी तिला. परवा ती पत्रूच्या वालाच्या वेलात शिरली आणि पत्रू काठी घेऊन धावला. सोमाजीने त्याचा हात धरला.

"पाहुणी हाय, पत्रू. जेवू दे तिले."