फुंकर आणि शेवटचं कडं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक लेथ मशीन आहे. त्याच्या दाराला काच, काचेवर कूलंटचे, म्हणजे धातू गार ठेवणाऱ्या पाण्याचे, पांढुरके ओघळ. आत ताटाएवढं एक कडं गरगर फिरतंय. बाहेर काचेला नाक टेकवून उभा आहे तो माझा मेहुणा. चेहरा सोडा, त्याचा उजवा हात बघा. तो हळूच एका नॉबकडे निघालाय. सगळा घोटाळा त्या हाताचा.

मेहुण्याला सगळे ‘फुंकर’ म्हणतात. मुलीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर, चष्म्यावर फुंकर, बसण्याआधी खुर्चीवरसुद्धा फुंकर. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा न पोळताच पितो. असा हा हळुवार गृहस्थ पेशाने टर्नर. जन्मभर पितळेच्या बुशी, म्हणजे छोट्या नळकांड्या, कातल्या. पितळ म्हणजे गरीब गाय, कसंही वागवा.

मग वर्कशॉपात विमानाच्या इंजिनाची कडी आली. निकेलचा मिश्रधातू, धगीत टिकायला घडवलेला. तो टूलला, म्हणजे कापणाऱ्या हत्याराला, सहजी दाद कशाला देईल? कापताना निघणारी उष्णता टूलच्याच टोकाला साभार परत. आणि टूल पुढे न सरकता नुसतं घासत राहिलं, तर धातूची कातडी आणखी टणक होते. म्हणून त्याला फिरवायचं सावकाश, कूलंटचा फवारा मारायचा नेमका टोकावर, पण टूल मात्र न कचरता पुढे सरकत ठेवायचं.

फुंकरला हे तोंडपाठ होतं. पण मशीनचा आवाज जरा चढला की त्याचं काळीज विरघळायचं. हात नॉबवर जायचा, टूलची चाल मंदावायची, टूल घासायचं, कातडी टणक व्हायची आणि टूलच्या टोकाचा भुगा! दोन कडी अशीच भंगारात गेली. उरलं एक. तेही बिघडलं तर काम दुसऱ्या वर्कशॉपला जाणार आणि फुंकर परत बुशींवर.

सुट्टीच्या दिवशी तो लेकीला घेऊन आमच्याकडे आला, तोंड एवढंसं करून. मुलीच्या गुडघ्यावरची चिकटपट्टी काढत बसला. केसाएवढं ओढायचं, फुंकायचं, पुन्हा केसाएवढं.

“बाबा, एकदाच ओढा ना! हळू ओढता म्हणूनच दुखतं!” पोरगी किंचाळली.

स्वयंपाकघरातून माझ्या बायकोने भावाला टोला हाणला, “ऐक. त्या कड्याचंही हेच म्हणणं असणार.”

“मला कळतं गं ताई. हाताला कळत नाही.” मग तो माझ्याकडे वळला. “भावोजी, रंगमंचावर तुम्ही हाताचं काय करता?”

इतका नेमका प्रश्न मला नाटकात घालवलेल्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी खुर्चीतून उठलोच. “नव्या नटाचे हात भटकायला लागले ना, की त्यांना काहीतरी धरायला द्यायचं. छत्री, कंदील, तान्हं बाळ.”

“बाळ नको,” बायको म्हणाली. “फुंकून फुंकून गारठवेल त्याला.”

पुढचा प्रवेश मी पाहिला नाही, पण त्याने तो आमच्या बैठकीत इतक्या वेळा करून दाखवलाय की संवाद मला पाठ आहेत. दुसऱ्या दिवशी त्याने कडं बांधलं, फवारा टोकावर आणला, मशीन सुरू केलं आणि दोन्ही हातांत चहाचा एकेक काठोकाठ भरलेला कप घेतला. कप ठेवायची फळी त्याने आधीच पान्या-हातोड्यांनी अडवून ठेवली होती. आवाज चढला. उजवा हात नॉबकडे निघाला, अंगठ्यावर चहा सांडला, पण कपाला जागा सापडेना! कड्याची साल निघत राहिली, चमकदार, न तुटता.

मशीन थांबलं. वर्कशॉप सांभाळणाऱ्या बाईंनी कड्याची मापं घेतली, ती बरोबर आली. टूलचं टोक झिजलं होतं, पण शाबूत.

“जमलं की हो, फुंकर! पण हे दोन कप कशाला?”

फुंकरने उजवा हात पुढे केला.

“एक तुमचा. घ्या बाई, पार गार झालाय. फुंकायची गरज नाही.”