घोट्यावरची निळी पट्टी

मार्चअखेरीस घरासमोरचा ड्राइव्हवे फावड्याने साफ करताना, भुरभुरीत बर्फाखाली दडलेल्या काचेसारख्या थरावरून माझा उजवा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. पुढे सूज उतरली, एडमंटनचा बर्फही वितळला. पण त्या पायाची खात्री काही परतली नाही. सपाट फरशीवर चालतानाही तो मध्येच आत वळे, न दिसलेली पायरी चुकल्यासारखा.

श्रावणात इथल्या मराठी मंडळाची मंगळागौर होती. गेली तीस वर्षे मी एकाच मैत्रिणीबरोबर फुगडी घालत आले आहे, आणि सप्टेंबरात ती लेकाकडे टोरोंटोला कायमची राहायला जाणार होती. ही फुगडी मला चुकवायची नव्हती.

फिजिओथेरपिस्ट तरुण पंजाबी मुलगी होती. निळ्या लवचीक टेपची पट्टी तळव्याखालून घोट्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढवत ती म्हणाली, "आंटी, ये पैर को पकड़ेगा नहीं, सिर्फ़ याद दिलाएगा." तोल माझा मलाच कमवायचा होता. लावताना तेलाचा थेंबही नको, काढताना मात्र हवे तेवढे लावा, असेही तिने बजावले होते.

मग रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी काउंटरशी एका पायावर उभी राहू लागले. तळव्याखाली गार फरशी, नाकाशी आल्याची वाफ, आणि घोट्यावर त्या पट्टीची हलकीशी ओढ.

मंगळागौरीच्या दिवशी मात्र हातांनी जुनीच सवय पाळली. तिळाचे तेल कोमट केले, अंगाला, पायांना चोळले आणि सुखाने न्हाले. निवृत्त इंजिनिअर असलेले माझे यजमान टेप घेऊन गुडघ्यांवर बसले. पट्टी लावली आणि ती मुकाट घसरून त्यांच्या हातात आली.

"हे काय केलंस?"

"सण आहे आज. तेलाशिवाय न्हायचं का?"

"वा! चार महिने व्यायाम केलास, आणि आज घोटा तळायलाच काढलास!"

"बोलू नका हो, पुसा आधी."

टेप आता एकाच पट्टीपुरती उरली होती. त्यांनी माझा पाय भांड्यांच्या साबणाने धुतला, टॉवेलने टिपून कोरडा केला, दोनदा मापले आणि मगच कात्री चालवली. टोके गोल कापली. पट्टी बसवून ते तिच्यावर तळहात चोळत राहिले. उबेने ती हळूहळू त्वचेशी एकजीव झाली.

हॉलमध्ये नऊवारीच्या काठाखालून निळा रंग डोकावलाच. मैत्रीण हसली. "पैठणीला मॅचिंग घेतलंस का गं?" मग आवाज उतरवून म्हणाली, "घालायची ना? नाहीतर बसून गाणी म्हणू."

"हात दे."

पायांना पाय भिडवले, हातांची कात्री झाली, आणि आम्ही मागे झुकलो. बांगड्या, अबोलीचा गजरा, छतावरचे दिवे, सारे एका वर्तुळात ओतले गेले. तिसऱ्या गिरकीला घोटा डळमळला. पट्टीने त्वचा ओढली. पायाला जणू आपली जागा आठवली आणि तो सरळ झाला.

"सोडू?" ती धापा टाकत ओरडली.

"सोडलंस तर बघ!"

तिसऱ्या दिवशी ती चहाला आली तेव्हा पट्टीची टोके उचलली होती. मला ती काढवत नव्हती. तिने माझा पाय मांडीवर घेतला, तिळाच्या तेलाची वाटी मागितली आणि बोटाने तेल मुरवत, सावकाश, पट्टी उलगडत नेली. शेवटचे टोक कधी सुटले ते मला कळलेही नाही.

"आता उभी राहा. एका पायावर."

मी राहिले. घोटा हलला नाही. आधाराची गरज नव्हती. तरीही मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.