चाकणमार्गे ग्रीस

आकुर्डीच्या एका कॉलेजात मी ग्रीक दंतकथा शिकवतो. ग्रीस पाहिलेला नाही. यंदाही जाणं जमलं नाही. तेव्हा शेजारची वैशाली म्हणाली, "सर, त्यापेक्षा आमच्या यात्रेला चला. आमचा बैलगाडा पळणार आहे."

सांगवीहून उजाडताना निघालो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी. मोशीत मिसळ खाऊन घ्या. शंभरात पोट भरतं. चाकणचा चौक मात्र कंपन्यांच्या बस यायच्या आत ओलांडा, नाहीतर तिथंच दुपार होते.

वाटेत वैशालीनं सांगितलं. गेल्या यात्रेत त्यांच्या गाड्याचं चाक अर्ध्या घाटात निखळलं. बैल वाचले, पण गाव हसलं. जमीन कंपनीत गेल्यावर तिच्या वडिलांनी, अप्पांनी, हा एकच नाद ठेवला होता. यंदाही चाक गेलं तर ते बैल विकणार होते.

घाट म्हणजे इथं शर्यतीचा चढ. गाड्यात कुणी बसत नाही. बैल आपले आपण पळतात. अप्पा ग्रीसचा डबा घेऊन चाकाशी बसले होते. मला दंतकथेतला मिर्टिलस आठवला.

"अप्पा, ग्रीसमध्ये राजाचा एक सारथी होता. त्यानं फितूर होऊन चाकाची खीळ काढली, मेणाची बसवली. भर शर्यतीत चाक सुटलं. राजा मेला."

"ग्रीसमंदी मेण कशाला घातलं?"

"ग्रीस देश आहे, अप्पा," वैशाली म्हणाली.

"असंल. आन् जनावरं?"

"घोडे होते. त्यांचं पुढं काय झालं, गोष्टीत नाही."

"मंग अर्धीच गोष्ट हाय, मास्तर. धरा हे चाक."

मी धरलं. बाहीला ग्रीस लागलं. वैशालीनं नवी खीळ ठोकली.

"लोखंडाची हाय," अप्पा म्हणाले. "बघून घ्या."

भोंग्यावर पुकारा झाला. "अप्पांचा गाडा! संगं पाहुणे, ग्रीसवाले सर!"

मागून एकानं खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, डबा कितीला देता?"

तेवढ्यात बैल सुटले. लोक बैल बघत होते. मी डावं चाक बघत होतो. धुळीत ते दिसेना, मग दिसलं. वर गेलं. निशाण पडलं.

पहिला नंबर.

अप्पा चढावर धावत सुटले. टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते बैलाच्या मानेला बिलगून उभे होते.

"मग, विकायचे?" वैशालीनं विचारलं.

"गप ए."

जाणाऱ्यांनी जुना सदरा घालावा. माझ्या बाहीवरचा काळा डाग दोन साबणांनी गेला नाही. सोमवारी तोच सदरा घालून मिर्टिलस शिकवला. वर्गातून कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही ग्रीसला गेलाय?"

मी बाही दाखवली. "कालच आलो."