चार सेकंदांची मिशी

आमची ताई सिनेमात होती, पण पडद्यावर नाही. मागचा शॉट पुढच्याशी जुळतो का, हे वहीत टिपायचं तिचं काम. हीरोच्या शर्टाची किती बटणं उघडी, गाडीचा कोणता दिवा फुटलेला, सगळं. घरीही तेच. "काल कप उजवीकडे ठेवला होतास." वैताग नुसता!

भावोजी स्टंटवाले. रस्त्यावरच्या शर्यतींच्या एका सिनेमात दोघंही होते; हीरोच्या जागी गाडी भावोजीच पळवायचे. हीरो गुळगुळीत आणि ह्यांना ही झुबकेदार मिशी. ताई म्हणायची, "काढा हो ती." ते म्हणायचे, "माझं तोंड कुणाला दिसतंय?"

एका सकाळी वळणावर त्यांनी मान वळवली आणि तोंड दिसलं. धुरळ्यात बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, ताईच्या आलं. शॉट बाद करायचा, असं ती संध्याकाळी वहीत लिहिणार होती. दुपारीच दुसऱ्या शॉटला गाडी उलटली. भावोजी जागच्या जागी गेले.

संध्याकाळी तिनं सकाळच्या शॉटपुढे लिहिलं, 'जुळतं.' आयुष्यभरात त्या वहीत तेवढंच खोटं. एडिटरचा तिच्या वहीवर डोळे झाकून विश्वास.

सिनेमा लागला आणि लोक खो खो हसले. हीरोला चार सेकंदांपुरती मिशी फुटली म्हणे! चुका शोधणाऱ्या रिकामटेकड्यांच्या यादीत ती मिशी पहिली. ताईला पुन्हा कुणी काम दिलं नाही.

मी भडकलो, "लोक भावोजींना हसतायत, आणि तुला चालतं?"

"हसू देत. घरात फोटो आहेत रे. पण मान वळवताना ते फक्त तिथेच आहेत."

गेल्या वर्षी त्या सिनेमावाल्यांचा फोन आला. सिनेमा पुन्हा लावणार होते, कॉम्प्युटरवर चुका काढून. ताई कधी कुणापुढे हात पसरणारी नव्हे. त्या दिवशी म्हणाली, "तेवढं एक राहू द्या हो."

"मॅडम, तुमचीच चूक निस्तरतोय आम्ही," असं म्हणून त्या शहाण्यानं फोन ठेवला.

आम्ही पहिल्याच दिवशी गेलो. वळण आलं. स्टिअरिंगवर भावोजींचेच हात, मनगटावर काचेला तडा गेलेलं त्यांचंच घड्याळ. मान वळली आणि वर हीरोचं गुळगुळीत तोंड. थिएटरात कुणीसुद्धा हसलं नाही.

"ताई?" मी हळूच विचारलं.

"जुळलं," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. भावोजी गेले त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती. वही लिहायची होती ना.