पोटरीत आलेली ज्वारी
निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला तळेगाव ढमढेऱ्यातली आमच्या रानाकडची वाट आणि हिवाळ्यातली ती सकाळ आठवते. पोलीस भरतीला उतरणारच, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं आणि पळायला लागून आठवडा होतोय तोवर दोन्ही पोटऱ्या दगड झाल्या होत्या. बांधावर बसून मी त्या तेलानं रगडत होते, जितकं दुखेल तितकं जोरात. ज्वारीला पाणी देणारे माझे थोरले चुलते खोरं टेकवून थांबले. "काय झालं गं?" "पोटऱ्या भरून आल्यात, आबा. आता पळवत न्हाई." कणीस बाहेर पडण्याआधी ताट, म्हणजे ज्वारीचा दांडा, वरच्या बाजूला फुगतं, तेव्हा ज्वारी पोटरीत आली म्हणतात. आबांनी तसलंच एक ताट मला दाखवलं. "ही बी पोटरीतच हाय. हिला कुणी रगडतं का? पाणी द्यायचं आन् दम धरायचा." मला हसू फुटलं. पोटभर पाणी प्यायले, दोन दिवस नुसती चालले, मग हळूहळू पळाले आणि भरती झाले. आता दौंडला भरतीच्या पोरींचा सराव घेताना कुणी पोटरी धरून खाली बसली, की मी पाण्याची बाटली पुढं करते आणि विचारते, "कणीस काढायचंय ना?" शेतकऱ्यांच्या पोरी लगेच हसतात.